गावच्या घरी आई-बाबांसाठी लँडलाइन ठेवावी की नुसते मोबाइल पुरतील?

पागोळी
नमस्कार मंडळी. दापोली तालुक्यातल्या गावी आई-बाबा दोघंच असतात, वय ७४ आणि ७९. घरात तांब्याच्या तारेची जुनी लँडलाइन आहे. पावसाळ्यात खरखर इतकी की बोलणं कळत नाही. आता तोच नंबर फायबरवर घेता येईल असं सांगितलंय. भाऊ म्हणतो, लँडलाइन काढूनच टाकू आणि दोघांना एकेक मोबाइल देऊ.
अडचणी अशा: पावसात लाइट चार-पाच तास सहज जाते. मोबाइलला रेंज पडवीत मिळते, माजघरात नाही. बाबांना कानामागचं श्रवणयंत्र आहे. आईला टचस्क्रीन जमत नाही, बटणं जमतात. खर्च दोन्हींचा करू, पण उगाच नको. रात्री-अपरात्री खात्रीने लागेल असं काय ठेवावं?

लाइनवाला
पागोळीताई, आधी एक गोष्ट पक्की लक्षात घ्या. "लाइट गेली तरी लँडलाइन चालते" हे जे आपण ऐकत आलो ते तांब्याच्या तारेबद्दल खरं आहे, फायबरबद्दल नाही. तांब्याच्या जोडीवर एक्स्चेंजमधून साधारण ४८ व्होल्ट डीसी येतात. फोन त्यावरच चालतो आणि एक्स्चेंजला स्वतःच्या बॅटऱ्या असतात. फायबरमधून येतो तो नुसता प्रकाश. घरातला ओएनटी, म्हणजे फायबर जिथे संपतं तो डबा, लाइटवर चालतो. तो बंद की फोन बंद. नंबर तोच राहील, पण फोनची जात बदलेल, हे धरून ठरवा.

खरखरीचं म्हणाल तर निर्णय घेण्याआधी एकदा तपासून बघा. घरातले सगळे जोडफोन काढा आणि एकच साधा, वायरवाला फोन थेट रोझेटवर, म्हणजे बाहेरची तार जिथे घरात येते त्या डबीवर लावा. आवाज स्वच्छ आला तर दोष घरातल्या वायरिंगमध्ये आहे. तरीही खरखर असेल तर दोष बाहेर: ड्रॉप वायरचा, म्हणजे खांबावरून घरात येणाऱ्या तारेचा सांधा, खांबावरचा डीपी, म्हणजे टेलिफोनच्या तारा वाटणारा डबा, नाहीतर जमिनीतल्या केबलचा जॉइंट. मल्टिमीटर असेल तर फोन ठेवलेला असताना ४८ ते ५२ व्होल्ट दिसायला हवेत, उचलल्यावर ६ ते १२. ठेवलेल्या फोनवरच ३०-३५ दिसत असतील तर कुठेतरी ओल शिरून तारा एकमेकींत किंवा जमिनीत गळताहेत. मोजताना उघड्या तारेला बोट लावू नका. तेवढ्यात रिंग आली तर ७५ व्होल्टच्या वर एसी येतो आणि चांगलाच झटका बसतो.

किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत तांब्याचे सांधे हिरवे पडतात. सांधा नवा केला तरी तो जेलीच्या टोपणात बंद केलेला नसेल तर पुढच्या पावसात पुन्हा तेच. जमिनीतली केबलच भिजलेली असेल तर ती दुरुस्त होऊन येईल याची वाट बघू नका. फायबर घ्या.

बारा व्होल्ट
वरच्या उत्तराला जोडून बॅकअपचं सांगतो. हा हिशोब बहुतेक जण चुकीच्या आकड्यावरून करतात.

ओएनटीच्या अडॅप्टरवर १२ व्होल्ट, १ किंवा १.५ अँपिअर असं छापलेलं असतं. ती कमाल मर्यादा झाली. वाय-फाय चालू असताना साधा ओएनटी ६ ते ८ वॅट घेतो. पाच तासांना ७ वॅटने ३५ वॅट-अवर लागतात, आणि १२ व्होल्टपर्यंत चढवण्यातली गळती धरून बॅटरी ४२ च्या आसपास हवी. मिनी यूपीएसच्या खोक्यावर "८००० एमएएच" लिहितात ते आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचं माप असतं, म्हणजे जेमतेम ३० वॅट-अवर. त्यावर साडेतीन तास निघतील. तुमच्याकडे चार-पाच तास लाइट जात असेल तर १२,००० एमएएच किंवा जास्त बघा. वॅट-अवरचा आकडाच छापला नसेल तर तो नग घेऊ नका.

पिनही बघून घ्या. बाहेरचा व्यास ५.५ मिलिमीटर सगळीकडे सारखा दिसतो, पण आतलं भोक २.१ किंवा २.५ असतं. २.५ ची पिन २.१ च्या सॉकेटमध्ये लावली तर ती सैल बसते आणि हात लागला की डबा रीस्टार्ट होतो. मग पुन्हा फोन लागायला दोन-तीन मिनिटं जातात.

घरात इन्व्हर्टर असेल तर वेगळा यूपीएस घ्यायची गरज नाही. १५० एएचच्या बॅटरीला ७-८ वॅट म्हणजे काहीच नाही. फक्त ओएनटीचा प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर आहे ना ते पाहा आणि इन्व्हर्टरच्या मागचा खटका "यूपीएस" वर ठेवा. दुसऱ्या मोडमध्ये बदल सावकाश होतो आणि ओएनटी रीस्टार्ट होऊ शकतो.

आता यापेक्षा महत्त्वाचं. घरचा बॅकअप कितीही केला तरी समोरच्या टोकाचं काय? फायबरच्या वाटेत मधे कुठे वीज लागत नाही, स्प्लिटर, म्हणजे एक फायबर अनेक घरांत वाटणारे तुकडे, नुसते काचेचे असतात. पण ज्या ओएलटीला, म्हणजे कंपनीच्या टोकाच्या यंत्राला, तुमची लाइन जोडलेली असते त्याला वीज लागते. ते एक्स्चेंजमध्ये असेल तर बरं. गावाकडे बऱ्याचदा ते स्थानिक केबलवाल्याच्या दुकानात असतं. जोडणी घेण्याआधी त्याला सरळ विचारा: ओएलटी कुठे आहे, त्यावर बॅटरी किती तासांची, जनरेटर आहे का. "दोन तास" असं उत्तर आलं तर तुमच्या घरी दहा तासांचा यूपीएस ठेवून काही फायदा नाही.

दोन सिम
मी भावाच्या बाजूने बोलतो, कारण वर सगळे लँडलाइनच्याच दुरुस्तीत शिरले. मोबाइल नसून चालणारच नाही. बँकेचा ओटीपी, आधारचा ओटीपी, गॅसचा मेसेज, यातलं काही लँडलाइनवर येत नाही. दुसरं, माणूस न्हाणीघरात पडला तर माजघरातल्या फोनचा उपयोग नाही. गळ्यात अडकवलेला बटणांचा फोन कामी येतो. २०१७ पासून देशात विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये संकटाचं बटण सक्तीचं आहे. साध्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरलं की ११२ ला कॉल जातो, स्मार्टफोनवर पॉवरचं बटण भराभर तीनदा. आईंना हे नुसतं सांगू नका, कोणतं बटण ते त्यांच्या फोनवर दाखवून ठेवा. चुकून लागलाच तर घाबरून कापू नका, "चुकून लागला" असं सांगून ठेवा, नाहीतर ते उलट फोन करत बसतात.

रेंजचं मात्र आधी बघा. अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्ज, मग अबाउट फोन, मग सिम स्टेटस असं गेलं की सिग्नल डीबीएममध्ये दिसतो. माजघरात, झोपायच्या खोलीत आणि न्हाणीघराच्या दाराशी बघा. उणे ९५ पर्यंत उत्तम, उणे ११० ला कॉल अडखळतो, उणे ११५ च्या पुढे भरवसा नाही. जांभ्याच्या जाड भिंतींत आकडा पडवीपेक्षा खूप खाली येतो. मेळ्यात मिळणारे सिग्नल बूस्टर लावू नका, परवान्याशिवाय ते वापरणं बेकायदेशीर आहे आणि गावातल्या इतरांची रेंजही त्यांनी बिघडते.

दोन मोबाइल द्याल तर दोन वेगळ्या कंपन्यांची सिम घ्या. पण नुसती कंपनी वेगळी असून भागत नाही. दोन कंपन्या एकाच मनोऱ्यावर बसलेल्या असतात आणि त्याचं डिझेल संपलं की दोन्ही एकदम जातात. गावात विचारलंत तर कोणता मनोरा कोणाचा ते कळेल.

रिचार्जही हलका पडतो. डिसेंबर २०२४ च्या ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, नियमानंतर डेटा नसलेले, फक्त कॉल आणि एसएमएसचे प्लॅन द्यावे लागतात आणि त्यांची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. आईंच्या फोनला तोच घाला, म्हणजे दर महिन्याला कुणाला आठवण करावी लागणार नाही. सिम मात्र त्यांच्याच नावावर, त्यांच्याच आधारवर घ्या.

लाइनवाला
दोन सिम यांचं बरोबर आहे, पण म्हणून लँडलाइन काढा असं नाही ठरत. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा रायगड आणि उत्तर रत्नागिरीत खांब पडले, वीज गेली आणि मागोमाग मोबाइल गेले. मनोऱ्याची बॅटरी काही तासांची असते, मग डिझेल लागतं, आणि रस्त्यावर झाडं पडलेली असतील तर डिझेल पोचत नाही. अशा वेळी फायबरही खांबांवरूनच आलेलं असतं हे मान्य. म्हणून दोन्ही ठेवा. कारणं वेगळी असली की दोन्ही एकाच वेळी जायची शक्यता घटते. नेहमी चार-पाच तास लाइट जाते त्यासाठी यूपीएसवरची लँडलाइन आणि वेगळ्या मनोऱ्यावरचं सिम, एवढं पुरेसं आहे.

कर्णा
श्रवणयंत्राबद्दल कोणी लिहिलं नाही, आणि तेच बाबांच्या बाबतीत सर्वांत आधी बघायचं.

साध्या लँडलाइनमधून आवाजाचा ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जातो. स, श, फ, थ यांतला फरक कळवणारा बराचसा भाग त्याच्या वर असतो. व्होएलटीईवरचा, म्हणजे फोर-जीवरून जाणाऱ्या कॉलचा, एचडी आवाज ७००० हर्ट्झपर्यंत जातो, म्हणून ऐकू कमी येणाऱ्या माणसाला "साठ" आणि "पाठ" मोबाइलवर अधिक स्पष्ट कळतात. अट अशी की दोन्ही टोकांना व्होएलटीई हवं. जुन्या टू-जीवरच्या फोनने श्रवणयंत्रात गुरगुर ऐकू येते, तसला फोन बाबांना देऊ नका.

मोबाइल निवडताना माहितीपत्रकात एम३/टी३ किंवा एम४/टी४ असं लिहिलंय का बघा. एमचा आकडा यंत्राच्या माइकसाठी, टीचा टेलिकॉइलसाठी, म्हणजे माइकऐवजी फोनचा आवाज चुंबकीय लहरींतून घेणाऱ्या यंत्रातल्या गुंडाळीसाठी. मोठा आकडा चांगला. ऑडिओलॉजिस्टकडे जाल तेव्हा यंत्रात टेलिकॉइल आहे का आणि "टी" प्रोग्रॅम चालू केलाय का ते विचारून घ्या, बऱ्याचदा तो बंदच ठेवलेला असतो.

धरायची पद्धतही चुकते. कानामागच्या यंत्राचा माइक कानाच्या वरच्या टोकाशी असतो. रिसीव्हर कानाच्या भोकावर टेकवला की आवाज माइकपर्यंत पोचत नाही आणि शिट्टी वाजते. रिसीव्हर थोडा वर सरकवून, कानापासून बोटभर लांब धरायचा. लँडलाइनच्या वायरवाल्या फोनचा मोठा रिसीव्हर असा धरायला सोपा जातो, म्हणून बाबा बसल्या जागी बोलणार असतील तर आवाज वाढवायची कळ असलेला वायरवाला फोनच बरा. रिंगसाठी वेगळा चमकणारा दिवा मिळतो, तो फोनच्याच लाइनवर लागतो.

पागोळी
खूप आभार सगळ्यांचे. केबलवाल्याला विचारलं, ओएलटी एक्स्चेंजमध्येच आहे. म्हणजे फायबर, यूपीएस आणि आईला एक बटणांचा फोन असं ठरवतेय. आता दोन शंका. घरात तीन ठिकाणी जुनी टेलिफोन वायर आणि सॉकेट आहेत, ती वापरता येतील का? आणि आईच्या फोनमधले जतन केलेले नंबर लँडलाइनवर तसेच चालतील ना?

लाइनवाला
वायर वापरता येईल, पण क्रम सांभाळा. आधी रोझेटमधून बाहेरची ड्रॉप वायर पूर्ण सोडवा, दोन्ही तारा, आणि टोकांना टेप लावा. मगच ओएनटीच्या "फोन १" पोर्टमधून वायर काढून रोझेटला जोडा. बाहेरची तार तशीच राहिली तर एक्स्चेंजचे ४८ व्होल्ट ओएनटीच्या पोर्टवर येतात आणि पोर्ट जळतो.

तीन सॉकेटवर दोनच फोन ठेवा. ओएनटीचा पोर्ट रिंगला एक्स्चेंजएवढी ताकद देत नाही, आणि जुना धातूच्या घंटीचा फोन जोडला तर बाकीचे वाजतच नाहीत. फोनच्या खाली "टी / पी" खटका असेल तर टी वर, बऱ्याच ओएनटींना पल्स डायलिंग कळत नाही. कॉर्डलेस ठेवलात तर त्याच्या तळालाही वीज लागते, तो यूपीएसवर नसेल तर लाइट गेल्यावर मुका. म्हणून एक तरी वायरवाला फोन असू द्या.

नंबरांचं: १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना आधी ० लावावा लागतो. मोबाइलमधले दहा आकडी नंबर मोबाइलवर चालतील, पण लँडलाइनच्या मेमरीत शून्यासकट पुन्हा भरा. १०८ आणि ११२ ला शून्य नको. रुग्णवाहिकेला फोन केला की पहिला प्रश्न पत्त्याचा असतो, तेव्हा फोनशेजारच्या भिंतीवर गाव, वाडी, तालुका आणि रस्त्यावरून दिसणारी एक खूण मोठ्या अक्षरांत लिहून लावा. शेजारच्या माणसाला फोन करायची वेळ आली तर त्यालाही वाचून सांगता येईल.

आणि जुनी लाइन बंद करायचा अर्ज लगेच देऊ नका. अर्जात "फायबरवर रूपांतर, नंबर तोच" असं लिहा. फायबरवर आत आणि बाहेर दोन्हीकडून कॉल होतोय, ओएनटीवर लाल एलओएस दिवा, म्हणजे प्रकाश येत नसल्याची खूण, नाही, प्रकाशाची पातळी उणे २५ डीबीएमच्या आसपास किंवा त्याहून चांगली आहे हे बसवणाऱ्याकडून त्याच्या मीटरवर बघून घ्या. उणे २७ च्या पुढे गेली की पावसात लाइन अधूनमधून सुटणार. तसं असेल तर त्याला तिथल्या तिथे सांधा पुन्हा करायला लावा, आणि घरात शिरताना फायबरला तीन सेंटिमीटरपेक्षा लहान वळण दिलेलं नाही ना तेही पाहा. अनामत रक्कम किती, ती परत मिळणार की नव्या बिलात वळती होणार, हे लेखी घ्या.

बारा व्होल्ट
विजांच्या दिवसांसाठी एक भर. फायबरच्या ड्रॉप केबलला आधाराची पोलादी तार असते. ती घराबाहेरच्या हुकाशी संपवा आणि आत फक्त फायबर येऊ द्या. ओएनटीचा अडॅप्टर सर्ज प्रोटेक्टरवर लावा, पण त्या बोर्डाला अर्थिंग चालू आहे का ते वायरमनकडून आधी तपासून घ्या, अर्थिंगशिवाय त्याचा फारसा उपयोग होत नाही.