सरांची गिनती

सेक्रेटरी (ए-१०१): कळवण्यास अत्यंत दुःख होते की बी-२०२ मधले आपले सर आज पहाटे गेले. वय ७६. अंत्ययात्रा दुपारी १२ वाजता निघेल. गेटसमोरच्या गाड्या कृपया ११ च्या आत काढाव्यात.

ए-३०४: भावपूर्ण श्रद्धांजली.

सी-१०३: अहो, काल संध्याकाळी खाली बाकावर होते. माझ्या नातीला सतराचा पाढा विचारत होते. ऐकून हातपायच गळाले.

ए-२०१: सर फौजी होते. तिरंगा घेऊन येऊ का? हार किती लागतील तेही सांगा.

डी-१०२: दादा, तिरंगा नको. शासकीय इतमामात किंवा सेनादलाकडून, निमलष्करी दलाकडून अंत्यविधी होणार असेल तरच तो पार्थिवावर घालतात. घरच्या अंत्यविधीत घातला तर १९७१ च्या कायद्याने तो ध्वजाचा अवमान ठरतो. सरांनीच मागे एकदा झेंडावंदनाच्या वेळी हे सगळ्यांना समजावून सांगितलं होतं. त्यांची पलटणीची टोपी आणि पदकं उशाशी ठेवू. मी पण फौजेतलाच, शेवटचा सॅल्यूट मी देईन.

ए-२०१: बरोबर आहे काका. नुसते हार आणतो.

बी-३०३: दुपारी तिथे तोंडातून शब्द फुटला नाही, म्हणून आता इथे लिहितोय. मी सरांचा विद्यार्थी, १९९४ ची दहावी. सर १९८४ ला हवालदार म्हणून पेन्शनवर आले, बी.एड. केलं आणि १९८६ ला आमच्या गावच्या शाळेत लागले. गणित आणि भूगोल शिकवायचे. वर्गात ते 'हजेरी' कधीच म्हणाले नाहीत, 'गिनती' म्हणायचे. आधी डोकी मोजायची, मग नावं. पटावर ५२ आणि डोकी ५१ भरली, की संध्याकाळी सरांची सायकल त्या पोराच्या दारात.

माझ्याही दारात आली होती. वडील वारले होते आणि मी शाळा सोडून वीटभट्टीवर जायला लागलो होतो. सर ओट्यावर बसले, आईने दिलेला कोरा चहा प्याले. शिक्षणावर एक शब्द बोलले नाहीत. खिशातून छोटी वही काढून आईपुढे धरली. माझ्या नावापुढे पेन्सिलीने ओळीने नऊ फुल्या. म्हणाले, "वहिनी, नऊ दिवस झाले, माझी गिनती जुळेना. पोराला उद्या पाठवा." चहाची बशी धुऊन ठेवली आणि गेले. दुसऱ्या दिवशी मी वर्गात होतो. परीक्षेची फी कुणी भरली हे मला निकालानंतर हेडक्लार्ककडून कळलं.

सी-२०१: मी त्याच शाळेत होते, १९८९ पासून. पगारनिश्चितीची त्यांची फाईल एका कार्यालयात दोन वर्षं पडून होती. आम्ही चिडायचो. ते दर महिन्याला शांतपणे जाऊन नंबर लावायचे आणि पहिला तास चुकू नये म्हणून दुपारची वेळ मागून घ्यायचे. २००७ ला निवृत्त झाले त्या दिवशीही आठवीच्या वर्गावर पूर्ण तास घेतला. निरोप समारंभ थांबला, तास नाही.

ए-४०२: मी पण त्यांचीच विद्यार्थिनी. ऑफ तासाला बांगलादेशातल्या जमालपूरच्या लढाईची गोष्ट सांगायचे. आठवतेय का रे दादा? १९७१ चा डिसेंबर, ब्रह्मपुत्रा ओलांडून पलटणीने जमालपूरची वाट अडवलेली. आपल्या ब्रिगेडियरने शरण येण्याचं पत्र एका म्हाताऱ्या गावकऱ्याबरोबर सायकलवरून पाठवलं. पाकिस्तानी कर्नलचं उत्तर आलं, त्यात बंदुकीची गोळी गुंडाळलेली. सर खडूचा तुकडा कागदात गुंडाळून पहिल्या बाकावर ठेवायचे. सगळा वर्ग चिडीचूप. मग विचारायचे, "आता सांगा, सगळ्यात धीराचा कोण?" आम्ही ओरडायचो, "मराठा पलटण!" ते मान हलवायचे. "पत्र घेऊन गेलेला तो म्हातारा. त्याच्या अंगावर वर्दी नव्हती आणि हातात बंदूक नव्हती."

डी-१०२: सरांची पलटण म्हणजे फर्स्ट मराठा लाइट इन्फन्ट्री. जंगी पलटण, १७६८ ची. जमालपूरचा युद्धसन्मान आहे पलटणीला.

बी-३०३: ताई, अगदी तस्सं. पण पुढचं त्यांनी वर्गात कधी सांगितलं नाही. मी बारावीला असताना घरी गेलो होतो, तेव्हा 'गिनती' का म्हणता असं विचारलं. काळ्या ट्रंकेवर बसून बुटाला पॉलिश करत होते, ओल्या कापसाने, गोल गोल. हात थांबला. म्हणाले, जमालपूरच्या लढाईच्या रात्रीनंतर सकाळी प्लाटूनची गिनती झाली. नाव पुकारलं की उत्तर यायचं नाही. हवालदार तेच नाव परत पुकारायचा. एक नाव त्याने पाच वेळा घेतलं. "तेव्हापासून आपली माणसं मोजल्याशिवाय मला झोप येत नाही," म्हणाले आणि पुन्हा पॉलिश करायला लागले. मी ते इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. आज सांगावंसं वाटलं.

सी-१०३: म्हणून रोज सातला खाली येऊन मुलं मोजायचे होय... आम्हाला वाटायचं, आजोबांना विरंगुळा.

बी-२०२ (मुलगा): आई सांगतेय, सगळ्यांनी केलं त्याबद्दल मनापासून आभार. रविवारच्या शोकसभेला हार-फुलं आणू नका, म्हणतेय. पैसे द्यायचे तर ७ डिसेंबरला सैनिकांच्या ध्वजदिन निधीला द्या.

डी-१०२: बेटा, काकूंना म्हणावं कागदांची काळजी करू नका. डिस्चार्ज बुक, दोन्ही पीपीओ (पेन्शनचे आदेश), मृत्यूचा दाखला, आधार आणि बँकेचं पासबुक एका पिशवीत ठेव. फौजेच्या पेन्शनचं 'स्पर्श' या ऑनलाइन पोर्टलवर कळवायचं, बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसलाही पत्र जाईल. शाळेच्या पेन्शनचं वेगळं. दहावा झाला की मी तुझ्याबरोबर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात येतो.

सेक्रेटरी (ए-१०१): शोकसभा रविवारी संध्याकाळी ६ वाजता पार्किंगमध्ये. सतरंज्या सी विंगकडून.

बी-३०३: सात वाजून गेलेत. मी खाली आहे, बाकाजवळ. ११ मुलं मोजली. सरांच्या वहीत काल १२ होती. कुणाचं राहिलंय?

ए-३०४: आमची. ताप आहे म्हणून खाली सोडली नाही. घरीच आहे.

बी-३०३: बरं. लिहून घेतलं.