गुडघ्यासाठी चिनी काढा, दुहुओ जिशेंग तांग: कुणी घेतलाय का?

पूर्वा_सिंगापूर:
सासूबाई सध्या आमच्याकडे आल्यात. वय ७१, दोन्ही गुडघ्यांची झीज, जिना उतरताना जीव नकोसा होतो. शेजारच्या चिनी आजी त्यांना चायनाटाऊनमधल्या आपल्या वैद्याकडे घेऊन गेल्या. त्याने जीभ बघितली, दोन्ही हातांची नाडी बघितली आणि काढ्याच्या पुड्या बांधून दिल्या. घरभर दालचिनीचा आणि ओल्या मातीचा वास! आई खूश, म्हणतात झिजलेली कूर्चा भरून येते. खरंच येते का? बीपीची आणि रक्त पातळ करायची गोळी चालू आहे.

औषधवाली_मावशी:
फार्मसीच्या काउंटरमागे केस पांढरे झालेत, म्हणून आधी गोळ्यांचं. रक्त पातळ करायची कुठली? वॉरफरिन असेल तर काढा थांबवा, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याची तपासणी) करून घ्या आणि डॉक्टरांना सांगा. काढ्यात दांगग्वी नावाची चिनी मुळी असते, तिने रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. शिवाय ज्येष्ठमध. तो जास्त पोटात गेला की बीपी चढतं, पोटॅशियम उतरतं.

काढा मात्र ऐरागैरा नाही हं. सातव्या शतकातल्या सुन सिमियाओ या चिनी वैद्याच्या ग्रंथातला, १५ औषधांचा. चिनी वैद्यांच्या हिशेबाने वारा, थंडी, ओल सांध्यात ठाण मांडून बसतात. म्हणून काही औषधं त्यांना हुसकायला, काही अंगात ताकद भरायला. पुडीत दुजोंग या झाडाची साल शोधा. कच्ची असेल तर तुकडा मोडून हळूच ओढा, मध्ये रुपेरी चिवट तंतू ताणले जातात. मला अजून गंमत वाटते. आणि काढ्यातली न्यूशी म्हणजे आपल्या आघाड्याच्याच कुळातली.

कूर्चेचं म्हणाल तर तिला रक्तवाहिन्याच नाहीत, म्हणून झिजली की भरणं महाकठीण. प्रयोगशाळेत उंदराच्या पेशींवर बरंच काही छान दिसतं. माणसाची कूर्चा पूर्ववत करणारं सिद्ध औषध आज नाही, चिनी नाही, आपलं नाही, ॲलोपॅथीचंही नाही. दुखणं थोडं हलकं होऊ शकतं, इतकंच.

शीशिन ही वनस्पती घातलीय का, तेही वैद्याला विचारा. त्या कुळात ॲरिस्टोलोकिक आम्ल असतं. १९९०च्या दशकात ब्रुसेल्समध्ये बारीक व्हायच्या औषधात चुकीची चिनी वनस्पती गेली आणि कित्येक बायकांची मूत्रपिंडं निकामी झाली, ती याच आम्लाने.

गुडघेकाका:
मावशींना +१. पुडीत काय आहे ते निदान डोळ्यांना दिसतं. बिनलेबलाच्या काळ्या गोळ्या कुणी दिल्या तर हातही लावू नका. दोन दिवसांत माणूस पळायला लागला तर आत स्टेरॉइड असण्याचीच शक्यता जास्त. चिनी काही करायचंच असेल तर ताई-ची, म्हणजे संथ हालचालींचा चिनी व्यायाम, करा. २०१६ साली अमेरिकेतल्या एका चाचणीत गुडघ्याच्या झिजेवर ते फिजिओथेरपीच्या तोडीस तोड ठरलं.

पूर्वा_सिंगापूर:
वॉरफरिनच निघाली! काढा बंद, आयएनआर उद्या सकाळी. आई जरा फुगल्यात. ताई-ची आमच्या ब्लॉकखालीच चालतं. नऊवारीत जमेल का?

औषधवाली_मावशी:
नऊवारीत तर उत्तम जमेल. चपला सपाट तळाच्या द्या, आणि सुरुवातीला गुडघे फार वाकवू देऊ नका.