मदत हवी आहे: टेबलावर फुलं आणि भाज्यांची सजावट, फोमशिवाय

नमस्कार मंडळी,
तुळशीची लग्नं आटोपली की नोव्हेंबरअखेर पुतणीचं लग्न आहे. आचरे गावी, घरच्याच खळ्यात मांडव. व्याह्यांकडची मुंबईची माणसं गोल टेबलांवर जेवणार आणि टेबलाच्या मधोमध काहीतरी गावचं दिसायला हवं, असा पोरीचा हट्ट. तेव्हा आठ टेबलांवर ताजी फुलं आणि भाज्या एकत्र मांडायच्या ठरल्यात. गणपतीच्या डोक्यावर टांगतात ती घरची माटवी दरवर्षी मीच बांधतो, त्यामुळे हेही काम माझ्याच गळ्यात.

पण माटवीचं गणित वेगळं. तिथे सुपारीचा घोस, तवसं म्हणजे मोठी काकडी, नारळ, पानांचे टाळे सगळं वर लोंबतं, पाण्याचा प्रश्नच नाही. जरा सुकलं तरी गणपती काही बोलत नाही, व्याही बोलतील. इथे फुलाला पाणी हवं आणि कापलेल्या भाजीला पाणी सोसत नाही. लाल भोपळा कोरून थेट त्यातच पाणी घातलं की रात्रभरात ते गढूळ होतं, देठ बुळबुळीत होतात आणि वास येतो तो वेगळाच.

डेकोरेटर म्हणतो, पाणी शोषून धरणारा, देठ रोवायचा हिरवा फोम लावा, पाच मिनिटांचं काम. तो मला नको. फिनॉल-फॉर्माल्डिहाइडचा प्रकार, कुजत नाही, नुसता भुगा होतो. लग्नानंतर वांगी, दुधी, पडवळं गोठ्यात जाणार. त्याला तो भुगा चिकटलेला चालायचा नाही.

फुलं म्हणजे घरची झेंडू आणि शेवंती, थोडी जरबेरा कोल्हापूरहून. भाज्यांत छोटी जांभळी वांगी, मिरच्या, भेंडी, भोपळे. तर विचारायचं ते असं: फोमऐवजी देठ कशात रोवू? वांगी जागच्या जागी कशी राहतील? आणि दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा सुटतो, त्यात संध्याकाळी आठपर्यंत टवटवीत काय राहील? बजेट बेताचं आहे. फ्रीज आचाऱ्याने आधीच अडवलाय.

तिरफळ:
माटवी बांधणाऱ्या माणसाक फोम कित्याक होयो? परसात केळ आसा ना! खांबाचे वीतभर तुकडे पाडा, खिळ्याने भोक करा आणि देठ रोवा. मूळचा ओलावा असतो, झेंडू-शेवंतीला एका संध्याकाळपुरता पुरतो. पण खाली खोलगट ताट हवंच. केळीचा चीक पांढऱ्या कापडावर पडला तर डाग जन्मभर जात नाही, आणि ती टेबलक्लॉथं बहुतेक भाड्याची असणार.

वांग्याला बांबूच्या दोन काड्या लावा, शेजारीशेजारी. एकाच काडीवर वांगं गरागरा फिरतं आणि त्याचा देठ पाहुण्याकडे पाठ करून बसतो. मिरच्या-भेंडीला नारळाचा हीर पुरे.

घाटावरची:
भोपळा कोरायचाच असेल तर आत स्टीलचा पेला किंवा जॅमची बाटली ठेवा, पाणी त्यात. देठ गराला लागताच कामा नये. कोरणं लग्नाच्या सकाळीच, आतला ओलसरपणा कापडाने टिपून घ्या.

जरबेराला खोल पाणी देऊ नका, दोन-तीन इंच बस्स. लवदार देठ असतो, जास्त बुडाला की कुजायला लागतो. सगळ्या फुलांचे देठ तिरके कापून आदल्या रात्री बादलीत, सावलीत ठेवा, पाण्यात बुडतील ती पानं काढून टाका. या रात्रीवर कंजुषी करू नका, सगळा टवटवीतपणा तिथेच मिळतो.

अजून एक. भाजीबरोबर पिकलेली केळी, चिकू, टोमॅटो रचायचा मोह आवरा. पिकताना त्यांतून इथिलीन वायू निघतो, कार्नेशन आणि ऑर्किड त्याने लवकर माना टाकतात. शेवंती त्या मानाने दगड आहे.

मूळ धागाकर्ता:
दोघांचेही आभार. केळ आहे, पेले आहेत, बादल्यासुद्धा आहेत. आता उंची किती ठेवू? आणि कुंपणाला कण्हेर लालेलाल फुलली आहे, तीच घातली तर फुलांचा खर्चही वाचेल. चालेल का?

घाटावरची:
कण्हेर अजिबात नको! पानापासून देठापर्यंत विषारी असते, जेवणाच्या टेबलावर तर विचारसुद्धा करू नका. पोरं काय तोंडात घालतील सांगता येत नाही. लालच हवा असेल तर लाल मिरच्यांचे झुबके करा.

तिरफळ:
उंची फूटभर, त्याहून जास्त नको. समोरच्याचं तोंड दिसायला हवं. आणि वारा सुटणार म्हणता, तर ताटात आधी दोन नारळ ठेवून वजन करा, बाकीचं त्यांच्या आधाराने. नारळ असोले घ्या, सोललेला घरंगळतो.