घटपर्णीचे सगळे घट वाळले, नवीन येत नाहीयेत - मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो, गॅलरीत तुळस, मोगरा, कढीपत्ता, गवती चहा अशी नेहमीची झाडं आहेत आणि ती छान चाललीयेत, पण कीटकभक्षी झाड पहिल्यांदाच आणलंय आणि ते आता हातचं जातंय की काय अशी धाकधूक लागलीये म्हणून हा धागा.

जानेवारीत एका प्रदर्शनात घटपर्णी दिसली. लेबलवर नेपेंथिस व्हेंट्राटा लिहिलेलं, टांगायची कुंडी, सात घट (किडे पकडणारे पेले), खाली हिरवे आणि तोंडाशी लालसर. किंमत ऐकून पुढे गेले आणि परत फिरले, कारण माझे बाबा. त्यांनी ३१ वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं, दरवर्षी फळ्यावर रंगीत खडूंनी घटपर्णी काढायचे, झाकण, कड, आत पडलेली माशी सगळं, पण खरं झाड कधी बघायला मिळालं नव्हतं. आता ७८ वर्षांचे आहेत, आमच्याकडेच असतात. कुंडी टेबलावर ठेवली तेव्हा चष्मा पुसून आले आणि करंगळी घटाच्या कडेवरून हळूच फिरवून म्हणाले, "अगं, खरंच गुळगुळीत आहे." तेव्हापासून रोज सकाळी चहाचा कप घेऊन आधी तिच्याकडे जातात.

आता परिस्थिती अशी. मार्चपासून एकेक घट वरून तपकिरी होत खाली वाळत गेला, मे संपेपर्यंत सातही गेले. पानं मात्र येतायत, पाच नवीन आली, मोठी आणि गडद हिरवी. प्रत्येक पानाच्या टोकाला तणावा (दोऱ्यासारखी बारीक शेपटी) येतो, त्याच्या शेवटी तांदळाच्या कणीएवढा फुगवटा दिसतो, आम्ही खूश होतो, आणि आठ दहा दिवसांत ती कणी काळी पडून वाळते. पाचही वेळा हेच.

मी काय करते ते खरं खरं सांगते. कुंडी हॉलमध्ये, पूर्वेच्या खिडकीपासून साधारण सहा फूट आत. पाणी सोसायटीच्या बोअरचं, एक दिवसाआड. फेब्रुवारीत मूठभर गांडूळखत घातलं, बाकी झाडांना घालते तसंच. एप्रिलमध्ये ऊन फार म्हणून दुपारी पंखा तिच्यावर लावायचे. कुंडीतल्या कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि काठावर पांढरी खरबरीत साय धरलीये, नखाने खरवडली तर निघते. विकणाऱ्याला फोन केला तर "खत वाढवा" म्हणाले, ते काही पटलं नाही.

मुलगा म्हणतो तिला किडे मिळत नाहीत म्हणून असं होतंय. तसं असेल का? आणि आता नेमकं काय आधी करू? बाबांना एक तरी घट आपल्या घरात उघडताना बघायला मिळावा एवढीच इच्छा आहे.

प्रतिसाद:

ताई, झाड मरत नाहीये, पाच पानं आली म्हणजे जीव आहे. किड्यांचा काही संबंध नाही, अजिबात काही भरवू नका. ती पांढरी साय म्हणजे बोअरच्या पाण्यातले क्षार. ही झाडं मुळात निकस जमिनीत वाढणारी, मातीतून अन्न मिळत नाही म्हणून तर किडे पकडतात, त्यांच्या मुळांना क्षार आणि खत दोन्ही सोसत नाही. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा, दोनतीनशे रुपयांचा टीडीएस मीटर घ्या, ५० च्या आतलं पाणी द्या. घरच्या आरओवर भरवसा ठेवू नका, बऱ्याच मशीनमध्ये चवीसाठी क्षार परत मिसळतात, आधी मोजा. पावसाचं पाणी सगळ्यात उत्तम, आणि इन्व्हर्टरमध्ये घालतात ते डिस्टिल्ड वॉटरही चालतं, फक्त कॅनवर नीट वाचून घ्या, अ‍ॅसिड नको.

कुंडी आत्ताच बदला. ऑर्किडसाठी मिळतं ते लांब धाग्यांचं स्फॅग्नम मॉस (वाळवलेलं शेवाळ) आणि परलाइट (हलके पांढरे खडे), निम्मं निम्मं. प्लास्टिकची कुंडी, खाली भरपूर भोकं. आणि मुळं बघून घाबरू नका, घटपर्णीची मुळं काळी आणि केसासारखी बारीकच असतात. मी पहिल्यांदा ती कुजलीयेत समजून अर्धी कापली होती आणि ते झाड मला परत सावरता आलं नाही. मॉस ओलसर ठेवा पण कुंडी पाण्याच्या ताटलीत उभी ठेवू नका, ते व्हीनस फ्लायट्रॅप या दुसऱ्या कीटकभक्षी झाडाला चालतं, हिला नाही.

प्रतिसाद:

वरच्याशी सहमत, पण माझ्या मते घट न येण्याचं खरं कारण उजेड आणि हवा. सहा फूट आत म्हणजे तिच्यासाठी अंधारच. मोठी गडद हिरवी पानं आणि घट नाहीत हे उजेड कमी असल्याचंच लक्षण, त्यात तुमच्या खताचीही भर आहे. थेट पूर्वेच्या खिडकीत टांगा, नऊ साडेनऊपर्यंतचं कोवळं ऊन हवंच, पण एकदम नको, आठवडाभरात सरकवत न्या. आणि आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये हवा इतकी कोरडी असते, त्यावर पंखा, मग ती कणी वाळणारच. आता पावसाळ्यात दमटपणा आयताच मिळेल. पुढच्या उन्हाळ्यात चारपाच कुंड्यांच्या घोळक्यात ठेवा.

जुने घट वाळले त्याचं वाईट वाटून घेऊ नका, जागा बदलली की टाकतेच ती. पूर्ण वाळलेला तेवढाच कापा, पान हिरवं असेल तर पान ठेवा.

तुमच्या बाबांना एक सांगा, आपल्या देशात रानात घटपर्णीची एकच जात आहे, नेपेंथिस खासियाना, मेघालयात. तिथले गारो लोक तिला मेमांग-कोकसी म्हणतात, म्हणजे भुताची टोपली. तिथेच बाघमारा गावाजवळ तिच्यासाठी राखीव जागा आहे. रानातून उपटलेली कोणी विकत असेल तर घेऊ नका, तिच्या व्यापारावर कडक बंदी आहे. आणि एवढ्या लांब जाणं होणार नसेल तर सप्टेंबरात त्यांना कासला न्या, तिथे दवबिंदू आणि सीतेची आसवं ही दोन्ही रोपं कीटकभक्षीच.

धागाकर्ती:

दोघांचे मनापासून आभार. मीटर आणला. बोअर ६१०, आमचा आरओ ९२, आणि एसीच्या नळीचं पाणी १४! कुंडी बदलली, मुळं खरंच काळी होती, तुम्ही सांगितलं नसतं तर मीही कात्री लावली असती. पाऊस लागलाय म्हणून गॅलरीत बादली ठेवते, डासांमुळे वर जुन्या सुती साडीचा तुकडा बांधलाय.

आज तीन आठवडे झाले. खिडकीत आल्यापासून पहिलं नवीन पान आलंय, तणाव्याच्या टोकाची कणी अजून हिरवी आहे आणि कालपासून वरच्या बाजूला वळायला लागलीये, इंग्रजी जे सारखी. बाबांनी भुताची टोपली हे नाव डायरीत लिहून घेतलं आणि त्याखाली रोज पट्टीने मोजून कणीची लांबी लिहितायत, आज ११ मिलिमीटर.

अजून एक विचारायचं राहिलं. खोडाच्या बुडाशी एक छोटा फुटवा दिसतोय. तो ठेवू की काढू? त्याने वरच्या घटाची ताकद जाईल का?