इलेक्ट्रिकल आणि कॉम्प्युटर एकत्र: अशी पदवी घ्यावी का?

डगरीवर_पाय:
नमस्कार. पदवीसाठी इलेक्ट्रिकल आणि कॉम्प्युटर इंजिनिअरिंग असा चार वर्षांचा एकत्र अभ्यासक्रम समोर आहे. प्रोग्रामिंग मला येतं आणि आवडतं. सर्किटशी ओळख म्हणाल तर बोर्डावर एलईडी लुकलुकवणं आणि बंद पडलेले हेडफोन उघडून बघणं, एवढीच. (ते अजून बंदच आहेत.) घरचे म्हणतात, एक ना धड, भाराभर चिंध्या, सरळ कॉम्प्युटर घे. विषयांची यादी बघून माझीही छाती दडपलीय. खरंच दोन्ही शिकवतात की नुसती तोंडओळख? आणि पुढे सॉफ्टवेअरच करायचं असेल तर मॅक्सवेलची समीकरणं (वीज आणि चुंबकत्वाचे मूळ नियम) कशाला?

रिकामा_स्टॅक:
सॉफ्टवेअरच करायचं पक्कं असेल तर घरच्यांचं ऐक. कंपायलर, डेटाबेस, थिअरी ऑफ कम्प्युटेशन हे विषय एकत्र पदवीत बहुतेक वेळा ऐच्छिकमध्ये जातात आणि मग वेळापत्रकात बसत नाहीत.

शंभर_नॅनोफॅरड:
मी हीच पदवी केलीय, आता मोजमापाच्या उपकरणांचं फर्मवेअर, म्हणजे उपकरणाच्या आतच चालणारं सॉफ्टवेअर, लिहितो. वरचा मुद्दा खरा आहे, पण अर्धाच.

एक उदाहरण देतो. मोटरची कंपनं मोजणारं एक उपकरण होतं. पडद्यावर १०० हर्ट्झची कंपनं ठसठशीत दिसायची, आणि मोटरमध्ये तर तसं काही असायचं कारण नव्हतं. आमच्यातले निव्वळ सॉफ्टवेअरवाले कोडमध्ये फिल्टरवर फिल्टर चढवत बसले. नमुने सेकंदाला १००० घेतले जात होते आणि खरं कंपन होतं ९०० हर्ट्झचं. त्या वेगाने नमुने घेतले की ९०० हे १०० च्या वेषात येतं, आणि एकदा आकडे झाले की खरं कुठलं नि खोटं कुठलं हे कोणताही कोड सांगू शकत नाही. फिल्टर एडीसीच्या (सिग्नलचे आकडे करणाऱ्या चिपच्या) आधी, सिग्नल तारेत असतानाच बसवावा लागतो. तोही नुसता एक रोधक आणि एक कपॅसिटर नव्हे, त्याची धार पुरत नाही. आम्ही नमुन्यांचा वेगसुद्धा वाढवला. हे सिग्नल्स अँड सिस्टिम्सच्या पहिल्याच सत्रात शिकवतात.

मॅक्सवेलबद्दल: छापील सर्किट बोर्डावर सिग्नल एका नॅनोसेकंदात साधारण १५ सेंटिमीटर जातो. ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचा एक ठोका नॅनोसेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याचा. म्हणजे ५ सेंटिमीटर! तिथे तार ही तार राहत नाही, तिच्यातून लाट जाते आणि टोकाशी आपटून परत येते. मेमरीच्या तारा बोर्डावर मुद्दाम वळणं घेत का जातात (सगळ्यांची लांबी जुळावी आणि सिग्नल एकदम पोचावेत म्हणून), ते तेव्हा उमगतं.

आणि निव्वळ सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यालाही हे चुकत नाही. चिपमध्ये स्विचिंगवर जाणारी वीज म्हणजे ढोबळमानाने धारकता गुणिले व्होल्टेजचा वर्ग गुणिले वारंवारता. ट्रान्झिस्टर लहान होत गेले तसं व्होल्टेजही उतरत होतं, म्हणून प्रोसेसरचं घड्याळ, म्हणजे ठोक्यांचा वेग, पळवता येत होतं. २००५ च्या सुमारास व्होल्टेज उतरायचं जवळपास थांबलं, चिप तापायला लागल्या आणि वेग वाढवण्याऐवजी कोअर, म्हणजे एकाच चिपवरचे प्रोसेसर, वाढवले गेले. आज तुम्हा लोकांना थ्रेड आणि लॉकशी (एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या ताळमेळाशी) झटापट करावी लागते, तिचं मूळ तिथे आहे.

माहिती सिद्धांताचा जनक क्लॉड शॅनन याने १९३६ मध्ये मिशिगन विद्यापीठातून इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग आणि गणित अशा दोन पदव्या घेतल्या. पुढच्याच वर्षी त्याने रिलेच्या (विजेने चालणाऱ्या स्विचच्या) सर्किटांना बूलचं खरं-खोट्याचं बीजगणित लागू पडतं हे प्रबंधात दाखवलं. रिले बघणारे पुष्कळ होते आणि बूल वाचलेलेही होते. दोन्ही एकाच डोक्यात असलेले फार थोडे.

आता सल्ला. पदवीचं नाव बघू नकोस, जोडणारे विषय बघ. व्हेरिलॉगमध्ये (हार्डवेअर लिहायच्या भाषेत) स्वतः छोटा प्रोसेसर लिहायचा, तो एफपीजीएवर (आतली जोडणी हवी तशी बदलता येणाऱ्या चिपवर) चढवायचा आणि त्यावर आपलाच असेंब्ली प्रोग्राम चालवायचा, अशी प्रयोगशाळा असेल तर डोळे झाकून जा. नसेल तर ते दोन विभागांचे कागद एका स्टेपलने जोडलेले असतात. जमल्यास विद्युतचुंबकीय क्षेत्रं आणि ऑपरेटिंग सिस्टिम एकाच सत्रात घेऊ नकोस. दोन्हीकडे असाइनमेंट मुडदा पाडतात.

रोहित्र:
मी पॉवरवाला, म्हणून आमची बाजू. या एकत्र पदवीत सगळ्यात आधी कात्री लागते ती विद्युत यंत्रं आणि पॉवर सिस्टिम्सला. वीजजाळ्यात काम करायचं असेल तर निव्वळ इलेक्ट्रिकलच बरं. पण इन्व्हर्टरमध्ये २० किलोहर्ट्झला स्विचिंग असतं, कंट्रोलचं गणित दर ५० मायक्रोसेकंदांत उरकावं लागतं. तो कोड लिहायला मी एकत्र पदवीवालाच शोधतो.

डगरीवर_पाय:
खूप आभार! यादी पुन्हा पाहिली. कॉम्प्युटर आर्किटेक्चर आहे, प्रोसेसरची प्रयोगशाळाही आहे, पण तिसऱ्या वर्षी आणि ऐच्छिक. गणिताची भीती नाही, पण नेमकं कोणतं लागतं?

शंभर_नॅनोफॅरड:
संमिश्र संख्या हातच्या मळासारख्या हव्यात, फूरिये आणि लाप्लास या सिग्नलच्या गणितातल्या रीती त्यांच्यावरच उभ्या आहेत. मग रेषीय बीजगणित, विकल समीकरणं आणि संभाव्यता. शेवटची सगळे टाळतात आणि कम्युनिकेशनच्या पेपरात सगळ्यांना तीच गाठते.

ऐच्छिक असलं तरी चालेल, फक्त त्याआधीची अट बघ. पहिल्या दोन वर्षांत डिजिटल लॉजिक आणि डेटा स्ट्रक्चर्स दोन्ही सक्तीचे असतील तर तिसऱ्या वर्षी तुला तो विषय निर्धास्त घेता येईल. त्यातला एखादा जरी ऐच्छिक असला, तर रिकामा_स्टॅक म्हणतो तेच कर.