पेट स्कॅन केल्याने आयुष्य वाढतं का?

लालबागचा_मुलगा
बाबा 70 वर्षांचे, गिरणी कामगार, विडी तरुणपणापासून. खोकला हटेना. एक्स-रेत डाग दिसला आणि थुंकी न तपासताच टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. वजन उतरतच गेलं. आता सीटीत उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला तीन सेंटिमीटरची गाठ आहे आणि बायोप्सीत कॅन्सर निघालाय. डॉक्टर पेट-सीटी करा म्हणतात. काका म्हणतात, फोटो काढून कोण बरं झालंय? तोच पैसा औषधाला लावा. काय करू?

परळची_टेक्निशियन
दादा, मी पेट विभागात काम करते, डॉक्टर नाही. स्कॅनने कोणी बरं होत नाही, हे खरं. पण कॅन्सर शरीरात आणखी कुठे पसरलाय का ते त्यात दिसतं, आणि ऑपरेशन करायचं की नाही, ते त्यावर ठरतं. 2002 साली नेदरलँड्समधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नेहमीच्याच तपासण्या झालेल्यांपैकी 41 टक्के जणांचं ऑपरेशन व्यर्थ ठरलं, पेट जोडल्यावर 21 टक्के. सत्तरीच्या माणसाची छाती उगाच उघडली जाऊ नये, एवढ्यासाठी तरी करा.

आता माझं कळकळीचं सांगणं. पेटचं इंजेक्शन म्हणजे साखरेसारखं औषध. कॅन्सरच्या पेशी ते ओढून घेतात, पण टीबीच्या गाठीही ओढतात. आपल्याकडे छातीच्या मधल्या गाठी जुन्या टीबीनेही चमकतात. रिपोर्टमध्ये त्या दिसल्या की लोक थेट शेवटची स्टेज समजून घरी घेऊन जातात. तसं करू नका. ईबसने, म्हणजे श्वासनलिकेत सोनोग्राफीची दुर्बीण घालून, त्या गाठीचा नमुना घेता येतो का, ते आधी विचारा.

सहा तास उपाशी, पाणी चालतं. डायबिटीस असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच सांगा. इंजेक्शननंतर तासभर बाबांना शांत पडू द्या. गप्पा मारल्या तर घशाचे स्नायूही स्कॅनमध्ये चमकतात.

ठाणेकर_सुनीता
मेंदूच्या एमआरआयचंही विचारा. मेंदू मुळातच साखर भरपूर घेतो, म्हणून पेटमध्ये तिथली लहान गाठ लपते. सासऱ्यांच्या वेळी डॉक्टरांनीच हे समजावलं होतं.

लालबागचा_मुलगा
ताई, पुढच्या आठवड्याची वेळ घेतली. काकाही विडी ओढतात, साठी उलटलीय. त्यांचा एक्स-रे काढू का?

परळची_टेक्निशियन
एक्स-रेवर विसंबू नका, छातीच्या डॉक्टरांना लो-डोस सीटीबद्दल, म्हणजे कमी किरणांच्या सीटीबद्दल, विचारा. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात, भरपूर सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये एक्स-रेच्या तुलनेत या सीटीने फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू 20 टक्क्यांनी कमी झाले. तिथे मात्र फोटोनेच जीव वाचले, काकांना सांगा. आणि विडी आजच सुटली पाहिजे.

बाबांना नेताना जुनी एक्स-रेची फिल्म आणि सीटीची सीडी दोन्ही घ्या. नुसत्या रिपोर्टच्या कागदावर तुलना करता येत नाही.