निळा चित्रक: झुडूप की वेल? आणि 'निबर काडी' म्हणजे नेमकी कोणती?

प्रश्न
रोपवाटिकेत 'प्लंबॅगो' म्हणून मिळणाऱ्या फिकट निळ्या फुलांच्या झाडाला कोणी निळा चित्रक म्हणतं, कोणी निळी चमेली. माहितीत कुठे 'झुडूप' असतं, कुठे 'वेल'. शिवाय 'निबर काडी लावा' आणि 'शेंडे खुडा' हे शब्द सगळीकडे येतात, पण त्यांचा अर्थ कोणी उलगडून सांगत नाही.

प्रतिसाद १
चमेली म्हणू नका. चमेलीचं कूळ वेगळं, आणि या निळ्या फुलाला तिच्यासारखा सुगंधही नाही. चित्रक बरोबर आहे, पण 'निळा' हे विशेषण गाळू नका. नुसतं 'चित्रक' किंवा 'चित्रमूळ' म्हटलं की पांढऱ्या फुलांचा औषधी चित्रक, म्हणजे प्लंबॅगो झेलॅनिका, समजला जातो. लाल फुलांचा तो रक्तचित्रक. निळा म्हणजे प्लंबॅगो ऑरिक्युलाटा, मूळचा दक्षिण आफ्रिकेतला. जुन्या पुस्तकांत तोच 'कॅपेन्सिस' नावाने सापडेल. शोभेचं झाड आहे, औषधाला वापरू नये. त्याचा रस काहींच्या त्वचेला झोंबतो, म्हणून छाटताना हातमोजे घाला.

प्रतिसाद २
वेल नाही. याला तणावे नाहीत, खोड आधाराला वेढे घालत नाही, चिकटणारी मुळंही फुटत नाहीत. लांब, लवचीक फांद्या शेजारच्या आधारावर रेलतात, एवढंच. म्हणून 'रेलणारं झुडूप' हा शब्द मला नेमका वाटतो. 'वेल' समजून जाळीशेजारी लावलं आणि आपोआप चढायची वाट पाहिली, तर ते जमिनीवर पसरत राहतं. फांद्या मऊ सुतळीने सैल बांधाव्या लागतात. मोकळं ठेवलं तर साधारण दीड ते दोन मीटर, बांधत नेलं तर तीन मीटरच्या वर जातं.

प्रतिसाद ३
छाटणी, शेंडा खुडणं आणि फुलोरा काढणं ही तीन वेगळी कामं आहेत. गल्लत केली की फुलं जातात, कारण हे झाड नव्या फुटीच्या टोकाला फुलतं.

छाटणी वर्षातून एकदा, थंडी संपता संपता. गेल्या वर्षीच्या फांद्या निम्म्यापर्यंत आणा, झुडूप फार दाटलं असेल तर दोन-तीन डोळे राखून कापा. मग जोमदार धुमारे फुटतात.

शेंडा खुडायचा तो याच धुमाऱ्यांचा, १० ते १५ सेंमी झाल्यावर, बोटांनी, फक्त टोकाचा कोंब कोवळ्या पानांसकट. एका धुमाऱ्याला दोन-तीन फुटवे येतात आणि झुडूप भरतं. पण खुडलं की फूल लांबतं, तेव्हा एकदा-दोनदा पुरे. कुंपण चापूनचोपून दिसावं म्हणून दर पंधरवड्याला कात्री चालवली, तर झाड हिरवंगार राहील आणि फूल एकही दिसणार नाही.

फुलोरा काढणं म्हणजे वाळलेला फुलांचा झुबका काढणं. तो काढताना त्याच्याखालची दोन-तीन पानंही घ्या.

प्रतिसाद ४
काडीच्या बाबतीत निबर म्हणजे कोवळी आणि जून यांच्या मधली. वाकवून पाहा: लुळी पडली तर कोवळी, कट्कन मोडली तर जून, वाकून परत सरळ झाली तर निबर. अशी ८ ते १० सेंमीची, कळ्या नसलेली काडी पेराच्या लगेच खाली कापा. वरची दोन-तीन पानं ठेवा. जाड वाळू आणि कोकोपीट समप्रमाणात घेऊन सावलीत लावा, वर पारदर्शक पिशवी सैल घाला. साधारण तीन ते पाच आठवड्यांत मुळं धरतात. कोवळी काडी बुडाशी कुजते, जून काडी फार रेंगाळते. बुडाशी आलेला मुनवा, म्हणजे मुळाजवळून फुटलेला नवा कोंब, मुळासकट वेगळा करता आला तर सगळ्यात सोपं.

प्रश्नकर्ता
आभार. कुंडी खिडकीत ठेवली आहे. कळ्यांवर चिकटा आणि पानांच्या मागे पांढरी भुकटी दिसते. फवारणी करू का?

प्रतिसाद ५
थांबा. 'चिकटा' हा शब्द आपण माव्यासारख्या किडीने टाकलेल्या गोड द्रवाला वापरतो. इथे फुलाखालच्या हिरव्या नळीवर चिकट ग्रंथींची लव असते, ती झाडाचीच. भुकटीचंही तसंच: पानांवरच्या ग्रंथींतून क्षार बाहेर पडून वाळतात. ओल्या फडक्याने पुसलं की जातात, आणि कोरड्या कणांखाली किडा सापडत नाही. पिठ्या ढेकूण असेल तर कापसासारखे पुंजके पानाच्या बगलेत बसतात आणि चिरडल्यावर ओलसर लागतात. पानांचा वरचा भाग चिकट झाला, मुंग्या लागल्या, तरच उपाय करा.

खिडकीत रोज चार-पाच तास थेट ऊन येत नसेल तर पानंच वाढतील. वरची दोन-तीन सेंमी माती सुकल्यावर पाणी द्या, थंडीत त्याहून कमी. नवी पानं पिवळी पण शिरा हिरव्या, ज्याला शेतकरी 'केवडा पडला' म्हणतात, तसं झालं तर बहुधा माती किंवा पाणी चुनखडीचं असल्याने झाडाला लोह मिळत नाही. तिथे नत्राचं खत वाढवून काही होत नाही. चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला शोषता येईल अशा रूपातलं लोह, पाकिटावरच्या प्रमाणात द्या.